बाई, यातलं बरोबर कुठलं?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी निर्यातीचा पत्रव्यवहार बघतो. आमचं कास्टिंग अमेरिकेत ओहायोला जातं आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला. साहेबांना पत्र भारदस्त लागतं. मी 'व्हाइल' लिहिलं की ते खोडून 'व्हाइल्स्ट' करतात, 'अमंग'चं 'अमंगस्ट' करतात, आणि शेवटी 'काइंडली रिव्हर्ट' हवंच. ओहायोच्या माणसाने मध्ये फोनवर हसत विचारलं, तुमच्याकडची पत्रं वकील लिहितात का? साहेबांना काय सांगू?
(एक वाचक, अनगोळ)

उत्तर: साहेबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, नोकरी तुमची आहे. शब्दांचं मी सांगते.

'व्हाइल' आणि 'व्हाइल्स्ट' यांच्या अर्थात काडीचा फरक नाही. 'अमंग-अमंगस्ट', 'अमिड-अमिडस्ट' या जोड्यांचंही तेच. शेवटचा 'स्ट' हा कित्येक शतकांपूर्वी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी चिकटला आणि ब्रिटनमध्ये टिकला. टिकला म्हणजे काय, तर तिथेही 'व्हाइल'च जास्त चालतं, आणि 'गार्डियन'सारखं वर्तमानपत्र आपल्या लेखकांना 'व्हाइल्स्ट' टाळायला सांगतं. अमेरिकेत तर तो जवळजवळ गेलाच. तिथल्या माणसाला हा शब्द दिसला की लिहिणारा एक तर फार जुना वाटतो, नाही तर उगाच आव आणणारा. म्हणजे बर्मिंगहॅमचा गिऱ्हाईक 'व्हाइल्स्ट'वरून न थांबता पुढे जाईल, ओहायोचा अडखळेल. 'व्हाइल'वर दोघंही अडखळणार नाहीत. मग कुठला घ्यायचा ते उघड आहे.

साहेबांना वाटतं की 'व्हाइल्स्ट' म्हणजे कोट घातलेला 'व्हाइल'. तसं असतं तर जिथे 'व्हाइल' बसतो तिथे तिथे 'व्हाइल्स्ट' बसला असता. 'वेट अ व्हाइल' म्हणता येतं. 'वेट अ व्हाइल्स्ट' जगात कुणी म्हणत नाही. हा एकच दाखला साहेबांपुढे ठेवून बघा.

यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. इंग्रजीत काही शब्द सगळीकडेच जड आहेत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबारात आणि कोर्टात फ्रेंच आली, शेतात आणि चुलीपाशी जुनी इंग्रजी राहिली. त्यामुळे 'बिगिन' घरातला झाला आणि 'कमेन्स' दरबारातला. 'बाय' आणि 'परचेस', 'हेल्प' आणि 'असिस्ट' हेही तसेच. 'कमेन्स' ओहायोतही जड आणि बर्मिंगहॅमलाही जड, त्यात देशाचा प्रश्न येत नाही. 'व्हाइल्स्ट'ची गोष्ट वेगळी. त्याचं वजन देशागणिक बदलतं. पहिल्या जातीचा शब्द निवडताना प्रसंग बघायचा, दुसऱ्या जातीचा निवडताना वाचणारा कुठे बसलाय ते बघायचं. आपल्याकडे इंग्रजी सरकारी फायलींतून आली, स्वयंपाकघरातून आली नाही, म्हणून दोन्ही जातींतला लांब शब्द दिसला की आपण तोच उचलतो. एवढंच.

हे आपल्याला नवं नाही, खरं तर. मी घरी 'मी आलो', 'मी जेवलो' असंच म्हणते. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका म्हणतात, आमच्या शहापुरात कुणी मान वळवून बघत नाही. पुण्यातल्या भाच्यांना मात्र दर वेळी हसू फुटतं, मावशी पुरुषासारखी बोलते म्हणून. शब्द तोच, इथे साधा, तिथे विनोदी. या सदरात मी 'सांगते', 'लिहिते' लिहिते, कारण हे मासिक नाशिकलाही जातं. माझी बोली मी अशुद्ध समजते म्हणून नव्हे.

आता 'रिव्हर्ट'. इथे प्रश्न वजनाचा राहत नाही, अर्थाचा होतो. भारतात, सिंगापुरात, मलेशियात 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर कळवा. ब्रिटन-अमेरिकेत 'रिव्हर्ट' म्हणजे आधीच्या स्थितीला परत जाणं. तुम्ही नव्या डिझाइनचं ड्रॉइंग पाठवलंत आणि खाली 'प्लीज रिव्हर्ट' लिहिलंत, तर ओहायोचा माणूस जुनं डिझाइनच धरून बसायचा. 'रिप्लाय' लिहा. साहेबांशी भांडायचंच असेल तर 'व्हाइल्स्ट' सोडून द्या, 'रिव्हर्ट'वर भांडा.

मायना-समाप्तीचंही सांगून ठेवते, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी त्यातच जास्त घोळ असतो. ब्रिटिश वळणात वर 'डिअर सर' असेल तर खाली 'युअर्स फेथफुली'; वर माणसाचं नाव असेल तर खाली 'युअर्स सिन्सिअरली'. अमेरिकेत 'फेथफुली' कुणी लिहीत नाही, नुसतं 'सिन्सिअरली' पुरतं. औपचारिक अमेरिकन पत्रात मायन्यानंतर स्वल्पविराम नसतो, अपूर्णविराम असतो, म्हणजे आपली दोन टिंबं.

आणि समोरून आलेलं वाचतानाही हेच भान ठेवा. अमेरिकेहून 'क्वाइट गुड' आलं तर ती बऱ्यापैकी तारीफ. बर्मिंगहॅमहून 'क्वाइट गुड' आलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'ठीक आहे, चालेल' एवढाच. लगेच ऑफिसात कुंदा वाटू नका. मीटिंगच्या टिपणात 'टेबल' हे क्रियापद आलं तर फारच जपून. ब्रिटनमध्ये मुद्दा 'टेबल' केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे बाजूला ठेवला.

दोन देशांसाठी दोन वेगवेगळी पत्रं लिहीत बसू नका. मजकूर एकच, साधा. फक्त समाप्ती आणि स्पेलिंग देशाप्रमाणे बदला.

प्रश्न: मी निपाणीत हायस्कूलला इंग्रजी शिकवतो. एका मुलाने चाचणीत 'गॉटन' लिहिलं, दुसऱ्याने 'लर्न्ट' न लिहिता 'इडी' लावून 'लर्न्ड' लिहिलं. सहकारी शिक्षकांनी दोघांचे गुण कापले. मी म्हटलं, मुलं मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ बघतात, तिथून आलं असेल. ते म्हणाले, चूक ती चूक. आपण निवाडा द्यावा.
(एक शिक्षक, निपाणी)

उत्तर: दोघांचेही गुण परत द्यायला सांगा.

'गॉटन' अमेरिकनांनी काढलेला शब्द नाही. तो इंग्लंडचाच जुना. सतराव्या शतकात लोक जहाजाने अटलांटिकपार गेले ते हा शब्द घेऊन गेले. नंतर इंग्लंडने तो टाकला आणि अमेरिकेने ठेवला. इंग्लंडमध्ये 'फरगॉटन'मध्ये आणि 'इल-गॉटन'मध्ये तो अजून शिल्लक आहेच. शिवाय अमेरिकन माणूस 'गॉट' आणि 'गॉटन' यांत भेद करतो: 'आय हॅव गॉट अ पेन' म्हणजे माझ्याकडे पेन आहे, 'आय हॅव गॉटन अ पेन' म्हणजे मी पेन मिळवला. ब्रिटिशांना हा भेद एका शब्दात करता येत नाही. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याने वापरलेलं रूप गबाळं नसून उलट जास्त नेमकं आहे.

'लर्न्ट' ब्रिटनमध्ये चालतं आणि 'इडी'वालं रूपही चालतं. अमेरिकेत 'इडी'वालंच. मात्र विद्वान या अर्थी विशेषण असेल तर दोन्ही देशांत 'इडी'च, आणि उच्चारही दोन अवयवांचा, 'लर्निड'. वर्गात हे सांगितलंत तर मुलांच्या लक्षात राहील.

'झेड'चंही एकदा सहकाऱ्यांना सांगून टाका. 'रिअलाइझ'मध्ये 'झेड' दिसला की आपले शिक्षक अमेरिकन म्हणून लाल शाई फिरवतात. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस स्वतः 'झेड'च छापते.

गुण कशाचे कापावेत? एकाच निबंधात 'कलर' एकदा 'यू'सह आणि एकदा 'यू'शिवाय असेल तर खूण करा, एकच वळण धर म्हणून सांगा. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची आहेत, तेव्हा बोर्डाच्या परीक्षेत त्या वळणाने लिहिलं तर तपासणाऱ्याशी वाद होणार नाही, हेही मुलाला कळू दे. पण ही व्यवहाराची सूचना झाली. तिला व्याकरणाचा नियम म्हणून शिकवू नका.

प्रश्न: मी चिकोडी तालुक्यातली. बेळगावात नर्सिंग करून आता नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात लागलेय. इथले म्हातारे पेशंट मला 'मी डक' म्हणून हाक मारतात. आधी वाटलं, टिंगल करूलालेत. मी वॉर्डातल्या सगळ्या नर्सना 'सिस्टर' म्हणत होते, तर एकीने सांगितलं, मी सिस्टर नाही. एका आजीने संध्याकाळी 'टी' मागितली, मी चहा नेऊन दिला, ती कप बघून फुरंगटली. डॉक्टरांना 'सर' म्हणायचं की नाही तेही कळत नाही.
(एक वाचक)

उत्तर: टिंगल नाही गं. त्यातलं 'मी' म्हणजे 'माय', आणि नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोक या पट्ट्यात 'डक' बसच्या ड्रायव्हरलाही म्हणतात, दुकानदारालाही म्हणतात, बाई असो की पुरुष. यॉर्कशरला गेलीस तर 'लव्ह' म्हणतील, न्यूकॅसलला 'पेट', ग्लासगोला बाईमाणसाला 'हेन'. बदक, कोंबडी, पाळीव जनावर, सगळं झालं! आपल्या बाजारात भाजीवाला अनोळखी बाईला 'अक्का' म्हणतो तेव्हा ती काही कन्नड शब्दकोश काढून नातं तपासत नाही. तसंच हे. पुस्तकी इंग्रजीत हे शब्द सापडणार नाहीत, आणि लंडनच्या एखाद्या ऑफिसात कुणी 'डक' म्हटलं तर लोक चमकतील, पण तुझ्या वॉर्डात ते मायेचं आहे.

तू मात्र उलट 'डक' म्हणू नकोस. ती त्यांची बोली आहे, तुझ्या तोंडी आली तर नक्कल वाटेल. म्हाताऱ्या बाईला 'डिअर' म्हणणंही टाळ. आपल्याला ते गोड वाटतं, तिकडे पुष्कळ वृद्धांना त्यात आपल्याला लहान मूल समजल्यासारखं वाटतं. 'आजी' म्हणून 'ग्रॅनी' तर नकोच नको. तिथली रीत अशी की पेशंटला पहिल्याच दिवशी विचारायचं, तुम्हाला कशी हाक मारू? कुणी 'मिसेस' लावून आडनाव सांगेल, कुणी नुसतं पहिलं नाव सांगेल. सांगेल तेच म्हण. ऐंशी वर्षांच्या बाईला नावाने हाक मारताना आपली जीभ अडते, ते मला कळतं. चार दिवस अडेल.

'सिस्टर' आपल्याकडे नर्सला मारायची हाक आहे, तिकडे तो हुद्दा आहे. वॉर्डाची जबाबदारी जिच्याकडे ती सिस्टर. त्या जागी पुरुष असेल तर चार्ज नर्स. ज्युनिअर नर्सला 'सिस्टर' म्हणणं म्हणजे शिपायाला सुभेदार म्हणण्यासारखं. आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तेव्हा हे तुला जास्त समजवायला नको.

'टी'चा घोळ तर सगळ्यांचाच होतो. इंग्लंडच्या उत्तरेला आणि मिडलंड्समध्ये अनेक घरांत संध्याकाळच्या जेवणाला 'टी' म्हणतात आणि दुपारच्या जेवणाला 'डिनर'. दक्षिणेकडचे लोक रात्रीच्या जेवणाला 'डिनर' म्हणतात. ती आजी उपाशी होती, आणि तू तिला कपभर चहा दिलास! बोलताना तिचा शब्द वापर, पण पेशंटच्या नोंदीत 'टी' आणि 'डिनर' लिहू नकोस. 'इव्हनिंग मील', 'मिडडे मील' लिही. मधुमेहाच्या पेशंटची इन्सुलिन जेवणाच्या वेळेवर असते, तिथे बोलीभाषेचा लाड नको. वॉर्डात बोलायचा शब्द वेगळा आणि कागदावर लिहायचा वेगळा, हे मी तरी बेधडक सांगेन.

'सर' तिकडे फारसं कुणी म्हणत नाही. आपसात पहिल्या नावानेच बोलतात. पहिल्या ईमेलमध्ये 'डॉक्टर' लावून आडनाव लिही. मात्र सर्जन असेल तर सावध राहा. ब्रिटनमध्ये सर्जनला 'डॉक्टर' म्हणत नाहीत, 'मिस्टर' किंवा 'मिस' म्हणतात, आणि ते 'मिस्टर' मानाचं असतं. जुन्या काळी सर्जन हे न्हाव्यांच्या संघातून हाताखाली शिकून तयार व्हायचे, विद्यापीठाची पदवी नसायची, म्हणून 'मिस्टर'. पुढे पदव्या आल्या तरी त्यांनी तो 'मिस्टर' अभिमानाने सांभाळला. आपल्याकडच्या एखाद्या सर्जनला 'मिस्टर' म्हणून बघ, काय होतं ते!

प्रश्न: मी खानापूरचा. कचेरीत कारकून होतो, निवृत्त होऊन बराच काळ झाला. खेड्यातले लोक अजून अर्ज लिहून घ्यायला घरी येतात. त्यांना कन्नड लिहिता येत नाही, मलाही बेताचंच, म्हणून इंग्रजीत लिहितो. शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' असतंच. बेंगळुरूत आयटीत असलेला नातू म्हणाला, आजोबा, हे इंग्रजी कधीच मेलं, लोक हसतात. चाळीस वर्षं हेच लिहीत आलो. आता बदलायचं?
(एक ज्येष्ठ वाचक, खानापूर)

उत्तर: काका, नमस्कार. मेलं-बिलं काही नाही. 'डू द नीडफुल' एके काळी ब्रिटनमध्येच सर्रास चालायचं. तिकडे मागे पडलं, आपल्याकडे राहिलं, जसं मघाचं 'गॉटन' अमेरिकेत राहिलं. अमेरिकनांनी जुना शब्द ठेवला तर ती त्यांची बोली, आपण ठेवला तर ती चूक, असा न्याय मला मान्य नाही. तुमचा अर्ज वाचणारा बेळगावच्या कचेरीत बसलेला असतो, त्याला त्याचा अर्थ पक्का ठाऊक असतो. नातवाचा ईमेल कॅलिफोर्नियात वाचला जातो, तिथे तो शब्द खटकेल. त्याने तिकडे लिहू नये, तुम्ही इकडे खुशाल लिहा. तो चुकतो एवढ्याच ठिकाणी की त्याच्या गिऱ्हाइकाचा कान तो तुमच्या गिऱ्हाइकाला लावतो.

तरी माझी एक तक्रार आहे, आणि ती नातवाच्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे. 'नीडफुल' म्हणजे जे करायला हवं ते. काय करायला हवं ते अर्जात आधी आलेलं असेल तरच त्याला अर्थ. पुष्कळ अर्जांत वर तीन परिच्छेद खानदानाचा इतिहास असतो आणि खाली 'नीडफुल'. वडील वारले, उताऱ्यावर तिघा भावांची नावं चढवायची आहेत, सोबत मृत्यूचा दाखला जोडला आहे, हे पहिल्या दोन ओळींत येऊ द्या. मग शेवटी 'नीडफुल' असलं काय, नसलं काय.

माणूस वारला या अर्थी 'एक्स्पायर्ड' लिहीत असाल तर ते मात्र बदला, विशेषतः कागद परदेशी दूतावासात किंवा विमा कंपनीकडे जाणार असेल तर. तिकडे पासपोर्ट 'एक्स्पायर' होतो, दुधाची बाटली होते. माणसासाठी साधा 'डाइड' लिहा. तो उद्धट नाही. तिकडची वर्तमानपत्रंही तोच लिहितात. 'पास्ड अवे' सांत्वनाच्या पत्रात बरा.

'आऊट ऑफ स्टेशन', म्हणजे गावाबाहेर गेलेला, हा आपल्या कॅम्पातला, लष्करी छावणीतला शब्द. साहेब ज्या ठाण्यावर नेमलेला ते 'स्टेशन', रेल्वेचा त्याच्याशी संबंध नाही. बाहेरच्या देशात कुणाला कळत नाही, बेळगावात सगळ्यांना कळतो. 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, तर आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे, तेव्हा त्यावरून नातू हसला तर त्याला कोश उघडून दाखवा.

प्रश्न: मी टिळकवाडीचा, ग्लासगोला एमएस्सी करतो. इथल्या विद्यापीठाच्या नियमांत 'आऊटविथ' असा शब्द सारखा दिसतो: 'आऊटविथ ऑफिस अवर्स'. माझा लॅपटॉप त्याखाली लाल रेघ मारतो. ही छापायची चूक आहे की बोली? माझ्या प्रबंधात वापरू का?
(एक विद्यार्थी)

उत्तर: चूक नाही. 'आऊटविथ' म्हणजे 'च्या बाहेर', आणि स्कॉटलंडमध्ये तो कोर्टाच्या, नगरपालिकेच्या, विद्यापीठाच्या कागदांतला रीतसर शब्द आहे. गंमत अशी की लंडनच्या पुष्कळ लोकांनी तो ऐकलेलाही नसतो. प्रादेशिक शब्द म्हणजे खेडवळ शब्द, असं आपण धरून चालतो; हा तर प्रादेशिक असून पक्का दरबारी आहे. उलट बाजूने 'रेकन' घ्या. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात 'मला वाटतं' म्हणायला तो रोजच्या बोलण्यातला, अमेरिकेत मात्र दक्षिणेकडच्या खेड्यातला वाटतो.

ग्लासगोतल्या गाइडला ईमेल लिहिताना 'आऊटविथ' बेलाशक वापरा. प्रबंधाचं परीक्षण बाहेरच्या देशातही होणार असेल, किंवा त्यातला भाग एखाद्या अमेरिकन नियतकालिकाला पाठवणार असाल, तर 'आऊटसाइड' लिहा. लाल रेघेकडे बघून ठरवू नका. लॅपटॉपची भाषा तुम्ही विकत घेतली तेव्हा बहुधा 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' अशी लावून आलेली असेल. सेटिंगमध्ये जाऊन ती बदलून घ्या, निम्म्या रेघा तिथेच जातील.